वर्षातली त्रेपन्न मिनिटं

पाऊस आला की रेंज जाते, हे आमच्याकडे हिंगोलीत आता कुणी तक्रार म्हणूनही सांगत नाही. 'पाऊस आला की लाइट जाते' याच्या जोडीला ते वाक्य जाऊन बसलं आहे. दोन्ही एका दमात येतात, म्हणून दोन्हींचं कारणही एकच असावं असं वाटतं. लाइट जाते तेव्हा काहीतरी मोडलेलं असतं: फांदी तारेवर पडलेली असते, डीपीतला फ्यूज उडालेला असतो. रेंज जाण्यामागेही पुष्कळदा हीच लाइट असते. टॉवरची बॅटरी उतरलेली असते, नाहीतर जनरेटरचं डिझेल संपलेलं असतं. पण एक प्रकार असा आहे की त्यात काहीच मोडत नाही. यंत्रं ठणठणीत असतात, वीज असते, अँटेना जागच्या जागी असते, आणि तरीही संदेश पोचत नाही, कारण दोन मनोऱ्यांच्या मधल्या हवेत पाऊस पडत असतो. सर ओसरली की दहा-वीस मिनिटांत सगळं आपोआप सुरू होतं.

ही दहा-वीस मिनिटं कुठून आली, ती कुणी मोजली आणि कुणाच्या खात्यावर मांडली, याचा इतिहास मला महत्त्वाचा वाटतो. मी हिंगोलीतच भौतिकशास्त्र शिकवत आलो. पाठ्यपुस्तकात या विषयाला जागा नाही, आणि पावसाच्या बातम्यांत तर नाहीच.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. हातातला मोबाइल आणि गावातला टॉवर यांच्यातल्या लहरींना पाऊस जवळजवळ काही करत नाही. या लहरींची लांबी साधारण वीतभर, कुठे थोडी कमी तर कुठे जास्त असते, आणि पावसाचा थेंब मोठ्यात मोठा धरला तरी पाच-सहा मिलिमीटर. नदीतल्या लाटेला काठावरच्या गवताच्या काडीचं जेवढं भान असतं तेवढंच या लहरींना थेंबाचं. ताशी १०० मिलिमीटर, म्हणजे शेताचं तळं करणारा पाऊस चालू असला तरी २ गिगाहर्ट्झच्या लहरीचं एका किलोमीटरमागे होणारं नुकसान मोजायलाही अवघड जाईल इतकं कमी असतं. नव्वदच्या दशकात खेड्यापाड्यांत सरकारी सार्वजनिक फोन आले, ते ज्या रेडिओ यंत्रणेवर चालायचे तिच्या लहरी तर याहूनही लांब होत्या. ते फोन पावसाळ्यातच काय, उन्हाळ्यातही बंद पडायचे. कारण बॅटऱ्या असायचं, पाऊस नव्हे.

अडचण सुरू होते ती टॉवरच्या पुढे. गावातल्या टॉवरला मिळालेलं बोलणं, फोटो, व्हिडिओ हे सगळं तालुक्याच्या, जिल्ह्याच्या गावी पोचवावं लागतं. जमिनीखालून फायबर असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर टॉवरवर परातीसारखी गोल झाकणं दिसतात ना, ती एकमेकांकडे तोंड करून हे काम करतात. भारतात २०१९मध्ये राष्ट्रीय ब्रॉडबँड मिशन जाहीर झालं तेव्हा देशातले जेमतेम ३० टक्के टॉवर फायबरला जोडलेले होते आणि ते प्रमाण ७० टक्क्यांवर न्यायचं ठरलं होतं. राहिलेल्यांची भिस्त या गोल झाकणांवर. ती बोलतात १५, १८, २३ गिगाहर्ट्झच्या भाषेत. तिथे लहरीची लांबी दोन सेंटिमीटरवरून दीड-सव्वा सेंटिमीटरवर येते. थेंब आणि लहर आता एकमेकांच्या मापात येऊ लागतात.

इतक्या आखूड लहरी पहिल्यांदा हाताळल्या त्या आपल्याच देशात, कलकत्त्यात. जगदीशचंद्र बोस १८९५च्या सुमारास प्रेसिडेन्सी कॉलेजात अवघ्या ५ मिलिमीटर लांबीच्या लहरी निर्माण करत होते. आजच्या हिशेबात ६० गिगाहर्ट्झ. टाउन हॉलच्या प्रयोगात त्यांनी भिंतींपलीकडे ७५ फुटांवरची घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू उडवली. ते सगळं छपराखाली झालं. बोसांना या लहरींचे प्रकाशासारखे गुणधर्म दाखवायचे होते, लांबचा पल्ला गाठायचा नव्हता. पल्ल्यामागे मार्कोनी लागला, आणि त्याने उलट दिशा धरली: लांब, आणखी लांब लहरी. त्या अटलांटिक ओलांडून गेल्या. बोसांच्या लहरी पुढची चाळीसेक वर्षं कपाटातच राहिल्या म्हणायला हरकत नाही.

त्यांना बाहेर काढलं दुसऱ्या महायुद्धाने. रडारला शत्रूचं विमान नेमकं कुठे आहे ते दाखवायचं असेल तर झोत अरुंद हवा. लहान अँटेनातून अरुंद झोत हवा असेल तर लहर आखूड हवी. म्हणून १० सेंटिमीटर, मग ३ सेंटिमीटर, मग सव्वा सेंटिमीटर अशी उतरण सुरू झाली. या शेवटच्या पट्ट्याला नाव पडलं 'के'. अमेरिकेत या 'के' पट्ट्याचं रडार तयार होत असतानाच जॉन व्हॅन व्लेक या भौतिकशास्त्रज्ञाने गणित मांडून इशारा दिला होता की हवेतली नुसती वाफसुद्धा याच सुमाराच्या लहरी शोषून घेईल. तसंच झालं. पाण्याच्या रेणूची एक शोषणरेषा २२.२ गिगाहर्ट्झला आहे आणि नवं रडार तिच्या अगदी शेजारी जाऊन बसलं होतं. दमट हवेत त्याचा पल्ला इतका घटला की तो पट्टा सोडून देणं भाग पडलं. मग त्या बिघडलेल्या पट्ट्याच्या खालचा भाग 'केयू' झाला आणि वरचा 'केए'. आपल्या छपरावरची डीटीएचची छत्री ज्या 'केयू बँड'वर चालते, त्याच्या नावात ही जुनी फजिती अजून शिल्लक आहे. 'के'च्या खालचा, म्हणजे वाफेपासून जरा बाजूला सरकलेला.

वाफ टाळता आली, थेंब टाळता येत नव्हते. युद्धाच्या पहिल्या वर्षांत इंग्लंडमध्ये वेंबलीच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत जॉन वॉल्टर राइड या संशोधकाला काम मिळालं की पाऊस, ढग, गारा यांचा सेंटिमीटर लहरींवर काय परिणाम होईल ते सांग. राइडने हाती घेतलं ते एका जर्मन शास्त्रज्ञाचं गणित. गुस्ताव मी यांनी १९०८मध्ये सोन्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असले की ते पाणी लाल का दिसतं, हे समजावण्यासाठी एक सिद्धान्त मांडला होता. एक गोल कण आणि त्यावर आदळणारी लहर: किती ऊर्जा कणात मुरते, किती इकडेतिकडे विखुरते. सिद्धान्ताला कणाच्या आकाराशी कर्तव्य नाही, फक्त आकार आणि लहरीची लांबी यांच्या गुणोत्तराशी आहे. सोन्याचा कण आणि प्रकाश यांच्या जागी पावसाचा थेंब आणि रडारची लहर ठेवली तरी गणित तेच. हातयंत्रावर आकडेमोड करून राइडने कोष्टकं तयार केली. ती गुप्त अहवालांत राहिली आणि युद्ध संपल्यावर छापली गेली. आज संगणकावर क्षणात होणाऱ्या हिशेबाचा पाया तिथला आहे.

थेंबात दोन गोष्टी होतात. पाण्याचा रेणू विजेच्या दृष्टीने एका टोकाला धन, दुसऱ्याला ऋण असतो. लहरीतलं विद्युतक्षेत्र दिशा बदलतं तसा तो वळू पाहतो. काही गिगाहर्ट्झपासून पुढे क्षेत्र इतक्या घाईने उलटसुलट होतं की रेणू मागे पडतो, आणि या ओढाताणीत लहरीची ऊर्जा उष्णता होऊन थेंबात मुरते. मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये भात गरम होतो तो अशाच ओढाताणीने. दुसरं म्हणजे विखुरणं: थेंब लहरीच्या मापाचा झाला की तो लहर चहूबाजूंना उधळून देतो आणि समोरच्या अँटेनाला तिचा हिस्सा कमी मिळतो.

पण हे गणित मांडायला एक माहिती लागते, आणि ती कुठल्याही पर्जन्यमापकात मिळत नाही. पर्जन्यमापक सांगतो किती पाणी पडलं. ते किती मोठ्या थेंबांतून पडलं, हे सांगत नाही. ताशी २५ मिलिमीटर पाऊस बारीक दाट थेंबांतूनही पडू शकतो आणि मोजक्या टपोऱ्या थेंबांतूनही. आपल्या भाषेला हा फरक चांगला ठाऊक आहे. भुरभुर, रिपरिप, झड, सर, वळीव. पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा पाऊस. सरकारी नोंदवहीला मात्र मिलिमीटर एवढं एकच परिमाण माहीत.

थेंबांचं कोष्टक मिळालं ते रेडिओवाल्यांकडून नव्हे, मृदसंधारणवाल्यांकडून. या इतिहासातला हा मला सर्वांत आवडणारा भाग. अमेरिकेच्या मृदसंधारण विभागातले लॉज आणि पार्सन्स यांना कळून घ्यायचं होतं की पावसाचा मारा शेतातली माती कशी उखडतो. थेंब जितका मोठा तितका तो वेगाने पडतो आणि तितका मातीला मारक. म्हणून त्यांनी वॉशिंग्टनमध्ये थेंब मोजायला घेतले. पद्धत अशी: चाळलेल्या पिठाने भरलेली परात काही सेकंद पावसात धरायची. प्रत्येक थेंबाची पिठात एक गोळी होते. त्या गोळ्या भाजून कडक करायच्या, वेगवेगळ्या छिद्रांच्या चाळण्यांतून काढायच्या, वजन करायचं, आणि गोळीच्या वजनावरून थेंबाचा व्यास काढायचा. युक्ती मूळची विल्सन बेंटली या व्हरमाँटच्या शेतकऱ्याची. हिमकणांचे फोटो काढणारा म्हणून जग त्याला ओळखतं, पण १९०४मध्ये त्याने पिठात थेंबही मोजले होते. लॉज-पार्सन्सचं कोष्टक १९४३मध्ये प्रसिद्ध झालं आणि पुढची कित्येक दशकं जगभरच्या वायरलेस अभियंत्यांनी वापरलं. मातीची धूप मोजायला केलेलं कोष्टक! १९४८मध्ये कॅनडातल्या मार्शल आणि पामर यांनी त्याला एका साध्या सूत्रात बसवलं.

हा प्रयोग मी विद्यार्थ्यांकडून करून घेतला आहे. मैदा, परात, गॅलरी आणि जूनमधली पहिली सर एवढं पुरतं. रिपरिप पावसात मोहरीएवढ्या गोळ्या मिळतात, वळवाच्या पहिल्या माऱ्यात मुगाएवढ्या. पोरं मोजतात तेव्हा त्यांना कळतं की मोठ्या गोळ्या संख्येने थोड्या असल्या तरी पाण्याचा मोठा वाटा त्यांच्यातच असतो, कारण व्यास दुप्पट झाला की पाणी आठपट.

थेंबाचा आकार हीसुद्धा गंमतच आहे. चित्रात आपण थेंब वर टोकदार, खाली गोल काढतो. पडणारा थेंब तसा कधीच नसतो. बारीक थेंब गोल असतात आणि मोठे थेंब हवेच्या दाबाने खालून चपटे होतात, बनपावासारखे. म्हणजे ते उंचीपेक्षा रुंदीला जास्त. त्यामुळे आडव्या दिशेने थरथरणाऱ्या लहरीला ते अधिक आडवे येतात आणि उभ्या लहरीला कमी. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या आजच्या सूत्रांनी हिशेब केला तर ताशी १०० मिलिमीटर पावसात १८ गिगाहर्ट्झची आडवी लहर किलोमीटरमागे १० डेसिबल गमावते आणि उभी ८ डेसिबलच्या आत. दहा डेसिबल म्हणजे दहावा हिस्सा उरणं. लांबच्या जोडणीला उभी लहर निवडतात ती यासाठी.

आता हेच आकडे पुढे न्या. पाऊस तोच, ताशी १०० मिलिमीटर. ६ गिगाहर्ट्झला किलोमीटरमागे नुकसान एक डेसिबलच्या आसपास. २३ला १४. ८० गिगाहर्ट्झला ३० डेसिबलच्या वर. २३ गिगाहर्ट्झची जोडणी पाच किलोमीटर लांब असेल आणि त्या सगळ्या अंतरावर असाच पाऊस असेल, तर समोर पोचेल एक कोटीवा हिस्सा. एवढा तोटा सोसणारी यंत्रणा नसते. म्हणून २३ची झेप आखूड, ८०ची तर एक-दोन किलोमीटरचीच. जुन्या टेलिफोन खात्याचे लालपांढरे उंच मनोरे चाळीस-पन्नास किलोमीटरच्या झेपा घ्यायचे, कारण ते मुख्यतः खालच्या पट्ट्यांत काम करायचे. पावसाची त्यांना फारशी पर्वा नव्हती. मग वर गेलोच कशाला? खालची जागा भरली म्हणून. माहिती जितकी जास्त तितका रुंद पट्टा लागतो, आणि रुंद पट्टे वरच रिकामे होते.

घरातल्या टीव्हीची कथा अगदी अशीच घडली. नव्वदच्या दशकात केबलवाल्याच्या गच्चीवर आठ-दहा फुटी जाळीची छत्री असायची. ती सी बँडवर, ४ गिगाहर्ट्झच्या आसपास ऐकायची. धो-धो पावसात वीज असेल तर केबल चालू असायची. २००३मध्ये देशात डीटीएच सुरू झालं, २००४च्या डिसेंबरात दूरदर्शनची डीडी डायरेक्ट प्लस आली, आणि दीड-दोन फुटी छत्री खेड्यातल्या पत्र्यावर जाऊन बसली. छत्री एवढी लहान झाली ती लहर आखूड झाल्यामुळे, म्हणजे केयू बँडमुळे, आणि त्याची किंमत आपण पावसात मोजतो. हिंगोलीहून डीडी फ्रीडिशचा उपग्रह आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ६० अंशांवर आहे. पाऊस जिथून पाणी म्हणून पडू लागतो ती उंची आपल्याकडे पावसाळ्यात पाचेक किलोमीटर. म्हणजे लहर पावसात शिरते ती घरावर नव्हे, आग्नेयेला अडीच-तीन किलोमीटरवर. परतीच्या पावसाचा ढग त्या बाजूने येत असला की आधी टीव्ही जातो आणि मग अंगणात थेंब पडतात. वाळत घातलेली हळद, सोयाबीन झाकायला तेवढा वेळ पुरतो. हा इशारा आमच्याकडे बायकांनी कुठल्याही खात्याच्या आधी ओळखला.

इथपर्यंत निसर्ग आणि गणित झालं. यापुढे माणसांचे निर्णय येतात.

कुठलीही जोडणी शंभर टक्के वेळ चालेल अशी बांधत नाहीत, कारण परवडत नाही. आधी ठरवायचं की वर्षात किती वेळ बंद पडली तर चालेल, मग तेवढ्या वेळातला सर्वांत जोराचा पाऊस किती हे काढायचं, आणि त्यावरून झेपेची लांबी ठरवायची. आंतरराष्ट्रीय पद्धतीत हिशेबाचा खुंटा ठोकलेला आहे ०.०१ टक्क्यावर. वर्षाच्या ०.०१ टक्के म्हणजे ५३ मिनिटं. पूर्वी जगाच्या नकाशावर इंग्रजी अक्षरांचे पर्जन्यपट्टे आखलेले असत. वर्षातल्या ५३ मिनिटांपुरता ओलांडला जाणारा पाऊस कोरड्या ध्रुवीय पट्ट्यात ताशी ८ मिलिमीटर, तर विषुववृत्ताजवळच्या सर्वांत ओल्या पट्ट्यात १४५. पुढे अक्षरं जाऊन अक्षांश-रेखांशांची जाळी आली.

या हिशेबात वर्षभराच्या एकूण पावसाला फारसं स्थान नाही. हिंगोलीत वर्षाला आठशे-नऊशे मिलिमीटर पडतो, महाबळेश्वरात पाच-सहा हजार. म्हणून महाबळेश्वरात रेंजची सहापट वाट लागते असं होत नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने २०१२मध्ये महाबळेश्वरात ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा उघडली. तिथे थेंब मोजणारी यंत्रं आहेत, पिठाची परात नव्हे. घाटमाथ्यावरच्या उथळ ढगांतून पडणाऱ्या पावसात बारीक थेंबांची दाटी असते. घाटाच्या पूर्वेला पर्जन्यछायेत ढग उंच वाढतात आणि थेंब टपोरे होतात. १२ किंवा १८ गिगाहर्ट्झला टपोरा थेंब जास्त नडतो. कमी दिवस, थोडा वेळ, पण दणकून, हा मराठवाड्याच्या पावसाचा स्वभाव. दुष्काळी म्हणून ओळखला जाणारा प्रदेश या एका बाबतीत कोरडा नाही.

पण माझा खरा आक्षेप ५३ मिनिटांच्या आकड्याला नाही, तो ज्या पद्धतीने वाचला जातो त्याला आहे. ९९.९९ टक्के ऐकलं की वाटतं, उरलेला वेळ वर्षभर विखुरलेला असेल, थोडा इकडे, थोडा तिकडे. तो तसा विखुरलेला नसतो. सगळा जूनपासून ऑक्टोबरपर्यंत, त्यातही मोजक्या वादळी संध्याकाळी एकवटलेला असतो. आणि खर्च वाचवायला ९९.९ टक्क्यांवर समाधान मानलं तर ५३ मिनिटांचे पावणेनऊ तास होतात. सर्वसाधारण वर्षात जोडणी उत्तम चालते आणि जिची गरज असते नेमक्या त्या घटकेला जाते, तरीही कागदावर ती नापास होत नाही.

यातून कुणाचं काय बिघडतं, हे नीट वेगळं करून पाहायला हवं. पीकविम्याचं उदाहरण घ्या. एक रुपयात पीकविमा होता त्या काळात नुकसान झाल्यावर ७२ तासांत कळवायचं बंधन होतं. १ आणि २ सप्टेंबर २०२४ला हिंगोली, परभणी, नांदेडमध्ये अतिवृष्टी झाली, कयाधूला पूर आला, सोयाबीन पाण्यात गेलं. त्यानंतर ज्यांना कळवता आलं नाही त्यांना 'पावसामुळे नेटवर्क नव्हतं' हे उत्तर मिळत असेल तर ते मान्य करू नये. लहरींवरचा पावसाचा परिणाम सरीबरोबर संपतो. दोन दिवस रेंज नसेल तर दोष विजेचा, बॅटरीचा, तुटलेल्या केबलचा किंवा दुरुस्तीला न आलेल्या माणसांचा आहे. पाऊस बोलत नाही म्हणून त्याच्या नावावर बरंच खपून जातं.

विजेच्या इशाऱ्याचं मात्र उलट आहे. 'दामिनी' हे ॲप पुण्याच्या त्याच संस्थेने केलेलं. आपल्या आसपास वीज पडण्याची शक्यता असेल तर ते सांगतं, आणि सांगतं ते काही मिनिटं आधी. मराठवाड्यात दरवर्षी शेतात, झाडाखाली माणसं आणि जनावरं विजेने मरतात. इथे ७२ तासांचा नव्हे, दहा मिनिटांचा प्रश्न आहे. ज्या ढगातून वीज पडणार त्याच ढगाचा पाऊस दोन टॉवरांच्या मध्ये कोसळत असेल, तर इशारा अलीकडच्या टॉवरपर्यंत येऊन थांबू शकतो. गाव एकापाठोपाठ एक जोडलेल्या टॉवरांच्या शेपटाला असेल तर धोका जास्त, कारण मधली कुठलीही झेप गेली की पुढचे सगळे जातात. टॉवर वर्तुळात जोडलेले असतील तर संदेश दुसऱ्या बाजूने फिरून येतो. पावसाचे दणकट गाभे काही किलोमीटरचेच असतात, एकाच वेळी दोन्ही बाजू क्वचित झाकतात. वर्तुळ शहराभोवती असतं, शेपूट खेड्यात असतं.

नव्या यंत्रांत एक सोय आहे. लहर अशक्त झाली की ती वेग उतरवतात. रस्ता खचला की ट्रक थांबवून मोटारसायकली सोडाव्यात तसं. व्हिडिओ अडतो, पण चार ओळींचा मजकूर जाऊ शकतो. त्या अरुंद वाटेवर आधी कोण जाणार, हे यंत्रात आधीच सांगून ठेवता येतं. इशाऱ्याला पहिली वाट देणं तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही, ते कुणीतरी सक्तीचं करायला हवं.

कायमचा उपाय जमिनीखाली आहे. लहर नळीत घातली की पावसाशी संबंध संपतो. फायबर म्हणजे तेच. या जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला लायगो-इंडियाची वेधशाळा होणार आहे. २०२३मध्ये केंद्राने तिला २,६०० कोटी मंजूर केले. तिथे लेसरचा किरण चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्यांतून जाईल आणि नळ्यांत हवासुद्धा नसेल, वाफ आणि थेंब तर दूरच. विश्वाच्या दुसऱ्या टोकाहून येणारं कंपन टिपायला एवढी खबरदारी लागते. शेजारच्या तांड्यावरचा टॉवर अजून उघड्या हवेवरच आहे.

या सगळ्याची एक दुसरी बाजू आहे. पावसाने लहर किती अशक्त झाली हे टॉवरला सतत कळत असतं. उलटा हिशेब केला तर तेवढ्या वेळात त्या दोन मनोऱ्यांच्या मध्ये किती पाऊस पडला ते निघतं. इस्रायलमधल्या हागित मेसर आणि सहकाऱ्यांनी २००६मध्ये हे दाखवून दिलं, आणि २०१३मध्ये नेदरलँड्समध्ये मोबाइल कंपनीच्या जोडण्यांवरून अख्ख्या देशाचे पावसाचे नकाशे काढले गेले. पुढे पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोत, जिथे पर्जन्यमापक विरळ आहेत तिथेही हे करून पाहिलं. जो बिघाड समजला जात होता तोच मोजमाप झाला.

आपल्याकडे हे का हवं, हे आमच्या भागातल्या कुठल्याही शेतकऱ्याला समजावून सांगावं लागणार नाही. अतिवृष्टीची सरकारी व्याख्या महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर. हिंगोली जिल्ह्यात अशी मंडळं तीसच्या आसपास, म्हणजे एकेका मंडळाला दीडेकशे चौरस किलोमीटर, आणि महावेध प्रकल्पाचं स्वयंचलित हवामान केंद्र मंडळाला एक. सर ओढ्याच्या अलीकडे पडते आणि पलीकडे पडत नाही, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. केंद्र ओढ्याच्या अलीकडे असेल आणि ढग पलीकडे फुटला तर नोंद ४० मिलिमीटरची होते, आणि पंचनाम्याआधीच भांडण सुरू होतं. शिवाय दिवसाचा पाऊस म्हणजे सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ. त्यातली ४० मिलिमीटर वीस मिनिटांत पडली की दिवसभरात, हे त्या एका आकड्यात दिसत नाही. मातीला आणि लहरीला मात्र फरक पडतो. लॉज आणि पार्सन्स पिठाची परात घेऊन नेमकं हेच शोधायला बाहेर पडले होते.

दोन टॉवरांच्या मधली जोडणी ओढा ओलांडून जाते. तिच्या यंत्रात दर पंधरा मिनिटांची सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त ताकद नोंदवली जाते, बिघाड शोधायला सोपं जावं म्हणून. बहुतेक ठिकाणी या नोंदी काही दिवस ठेवून पुसल्या जातात.